मैदानाकडे पाठ

शुभ्राने भाजीखालचा गॅस बारीक केला आणि खिडकीतून खाली पाहिलं. अर्चनाताईंची गाडी पार्किंगमध्ये शिरत होती. एरवी शहराच्या त्या टोकाच्या बर दुबईहून इकडे सिलिकॉन ओएसिसला यायचं तर नणंदबाई आधी दोनदा फोन करायच्या, काय आणू विचारायच्या. आज सकाळी नुसता एक मेसेज आला होता, "जेवायला येतोय. बाबा घरीच आहेत ना?"

बाबा, म्हणजे सासरे प्रकाशराव, घरीच होते. सोफ्याच्या कोपऱ्यात पेपर धरून बसले होते. सासूबाई, शोभना, त्यांच्याकडे पाठ करून टेबलावर काकडी चोचवत होत्या. गुरुवारपासून त्या नवऱ्याशी बोलत नव्हत्या. काही सांगायचंच झालं तर नातीमार्फत.

"ईशानी, आजोबांना सांग, औषध घ्यायचं राहिलंय."

"आजोबा, मेडिसिन," सतरा वर्षांची ईशानी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली.

गुरुवारी झालं होतं ते तसं पाहिलं तर अगदी साधं होतं. प्रकाशराव संध्याकाळी एकटेच दुबई नाखुदाज या संघाची मॅच बघायला गेले होते. मॅच बेसबॉलची. या शहरात क्रिकेटसाठी जीव टाकणारी मराठी माणसं गल्लोगल्ली सापडतील, पण बेसबॉलसाठी रात्रीची झोप घालवणारा माणूस शुभ्राने आपल्या सासऱ्यांशिवाय दुसरा पाहिला नव्हता. इथली लीग नवी, नाखुदाजही नवे, आणि या सीझनमध्ये ते एकही मॅच जिंकले नव्हते. त्या दिवशी संघातल्या एका दाढीवाल्याने चेंडू मारला आणि बॅट टाकून तो पहिल्या बेसकडे निघाला, तो जेवण झाल्यावर शतपावलीला निघाल्यासारखा. चेंडू त्याच्या कितीतरी आधी पोचला. आऊट. दाढीवाला हसत परत आला. प्रकाशराव उठले, बाकड्यावरून पाय पलीकडे टाकले आणि मैदानाकडे पाठ करून बसले. मॅच संपेपर्यंत तसेच. घोषणा नाही, फलक नाही. मागच्या रांगेतल्या फिलिपिनो कुटुंबाला, आपल्याकडे तोंड करून बसलेल्या या म्हाताऱ्याचं काय करावं ते कळेना. शेवटी त्यांनी वेफर्सचं पाकीट पुढे केलं. प्रकाशरावांनी एक वेफर घेतला आणि "थँक यू" म्हणाले.

त्यांच्यातल्याच कुणीतरी व्हिडिओ काढला. शुक्रवारी दुपारी तो शुभ्राच्या ऑफिसच्या ग्रुपवर आला. खाली लोकांनी लिहिलं होतं, पुढच्या मॅचला आपण सगळेच असे बसू या. व्हिडिओत बाबांच्या डोक्याच्या बरोब्बर वर, मैदानाच्या कुंपणावर, संघाला स्पॉन्सर करणाऱ्या एका एसी कंपनीचं नाव मोठ्या निळ्या अक्षरांत झळकत होतं. शुभ्राचा नवरा तन्मय त्याच कंपनीत मार्केटिंगला होता.

बेल वाजली. अर्चनाताई आत आल्या त्या चपला काढता काढताच म्हणाल्या, "बाबा, हे काय करून बसलात?"

मागून प्रल्हादराव आले आणि सासऱ्यांचा हात दोन्ही हातांत धरून हलवायला लागले. "फेमस झालात! आमच्या दुकानाशेजारचा टेलर मला विचारत होता, भाईसाब, ये आपके ससुर हैं ना?"

"प्रल्हाद, तू गप्प बस," अर्चनाताई म्हणाल्या.

◆

जेवणाच्या टेबलावर पहिली पोळी मोडायच्या आत अर्चनाने विषय काढला. ती तन्मयपेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि घरातले निर्णय आपण घेतले नाहीत तर ते कुणीच घेत नाही, हा तिचा लहानपणापासूनचा अनुभव होता.

"हे पुणं नाही, बाबा. तिथे चौकात उभं राहून काय हवा तो निषेध करा. इथे आपण व्हिसावर आहोत. तुमचा व्हिसा तनूच्या नावावर आहे."

"मी निषेध कुठे केला?" प्रकाशराव म्हणाले. "मी बसलो होतो. बसायचं तिकीट होतं माझ्याकडे."

"उलटं बसायचं नव्हतं!"

"तिकिटावर तसं लिहिलेलं नाही."

प्रल्हादला हसू फुटलं. ते लपवायला त्याने आमटीची वाटी तोंडाला लावली. ईशानी मात्र उघड हसली. "आत्या, ही डिडन्ट ब्रेक एनी रूल. आय चेक्ड."

"ईशानी, जेव," तन्मय म्हणाला. टेबलावर बसल्यापासूनचं त्याचं हे पहिलंच वाक्य. त्याने ताट पुढे सरकवलं. "काल रात्री फिरदोस मॅडमचा फोन आला होता. माझ्या बॉस. त्यांना टीमच्या ऑफिसमधून कळलं, की व्हिडिओतला माणूस माझा बाप आहे. सोमवारी सकाळी मीटिंग आहे."

शोभनाने पोळीचा डबा बंद केला.

"काय म्हणाल्या?" शुभ्राने विचारलं, जरी तिला माहीत होतं.

"म्हणाल्या, एक छोटा व्हिडिओ करून पाठव. अंकल म्हणतील, पाठ दुखत होती म्हणून तसा बसलो. आय लव्ह नाखुदाज. शेवटच्या मॅचला सगळ्यांनी या. अर्ध्या मिनिटाचा. खलास, विषय संपला."

"मग करून टाका की," अर्चना म्हणाली. "बाबा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

प्रकाशरावांनी भातावर वरण घेतलं, तूप घेतलं, आणि सगळं नीट कालवलं. "माझी पाठ दुखत नव्हती," ते म्हणाले.

"बाबा, प्लीज."

"तन्मय, ते हरतात याचं मला काही नाही. आम्ही फुजैराला नोकरीत असताना किती हरायचो! तेलाच्या टर्मिनलवरचे ते जपानी इंजिनीअर शुक्रवारी वाळूत खेळायचे, त्यांना नववा माणूस मिळत नव्हता म्हणून मला उभं केलं. मला तेव्हा बॅट कशी धरतात तेही माहीत नव्हतं. हिरानोसाहेब एवढंच सांगायचे, चेंडू बॅटला लागला की पळ. आऊट होणार हे दिसत असलं तरी पळ. कारण समोरच्याच्या हातून चेंडू सुटू शकतो. आणि सुटला नाही, तरी तू पळालास हे तुला माहीत असतं. मी पन्नाशीपर्यंत पळालो. हा दाढीवाला पंचविशीचा आहे."

"त्या दाढीवाल्यासाठी माझी नोकरी घालवायची?"

"तुझी नोकरी कशी जाईल? तू कुठे उलटा बसला होतास?"

तन्मयने खुर्ची मागे ढकलली. "तुम्हाला त्या हिरानोचं प्रत्येक वाक्य आठवतं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी शाळेत खो-खोच्या टीममध्ये होतो, हे आठवतं का? कॅप्टन होतो."

पुण्यात शोभना दोन मुलांना घेऊन, आणि प्रकाशराव फुजैराला एकटे, बॅचलर क्वार्टरमध्ये: ती वर्षं या घरात कुणी उगाच बाहेर काढत नसे. वर्षातून एकदा महिनाभराची सुट्टी, चॉकलेटं, परफ्यूम, आणि परत विमानतळ.

"कॅप्टन होतास," प्रकाशराव सावकाश म्हणाले. "आईने फोनवर सांगितलं होतं."

"हो. फोनवर."

◆

अर्चनाला वाटलं, आता हे हाताबाहेर जाईल. म्हणून ती मनाशी ठरवून आलेलं बोलून गेली. "मला वाटतं, आई-बाबांनी थोडे दिवस पुण्याला जावं. दोन-तीन महिने. तिथला फ्लॅट रिकामाच आहे. इथलं शांत होऊ दे. तनूला पण मीटिंगमध्ये सांगता येईल, की फादर इंडियाला गेलेत."

तन्मयने नाही म्हटलं नाही. ते शोभनाने पाहिलं.

गुरुवारपासून तिच्या मनात नवऱ्याबद्दल नुसता राग होता. पैसे देऊन जायचं आणि उलटं बसायचं, लोकांनी हसायचं, मुलाच्या पोटावर पाय यायचा. ती अर्चनाला स्वतः फोन करून म्हणाली होती, तू येऊन समजाव यांना. पण आता मुलगी ज्या आवाजात बोलत होती, तो आवाज तिने ओळखला. त्याच आवाजात कितीतरी वर्षांपूर्वी तिच्या दिरांनी ठरवलं होतं, की प्रकाश आखातात जाईल आणि वहिनी मुलांना घेऊन पुण्यातच राहतील. तेव्हाही ती पोळ्या वाढत होती.

"आम्ही काय सामान आहोत का?" शोभना म्हणाली.

"आई, तसं नाही गं—"

"इथे नको तर तिथे ठेवा. गाजावाजा झाला तर माळ्यावर टाका." तिने नवऱ्याकडे बोट केलं, पण बघितलं मुलीकडे. "हा माणूस चुकला असेल. मी त्याच्याशी बोलत नाहीये, ते माझं मी बघेन. पण आयुष्यभर एकट्याने कुठे राहायचं ते दुसऱ्यांनी ठरवलं त्याच्यासाठी. आता नाही ठरवायचं. मी पण नाही जाणार."

प्रल्हादने हातातला घास खाली ठेवला. "आई बरोबर बोलतायत," तो म्हणाला.

"तू त्यांच्या बाजूने?" अर्चना त्याच्याकडे वळली.

"मी जेवणाच्या बाजूने होतो. पण हे बरोबर आहे. अर्चू, ते काही गुन्हा करून पळणार आहेत का?"

अर्चनाचे डोळे भरून आले. तिला खरंच सगळ्यांचं भलं हवं होतं, आणि सगळे मिळून तिला खलनायिका करत होते. शुभ्राने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग ती नवऱ्याकडे वळली.

"तन्मय, तू सांगतोस की मी सांगू?"

"शुभ्रा, नको."

"बाबांना कळू दे की." तिने सासऱ्यांकडे पाहिलं. "बाबा, कंपनीला क्रिकेटची टीम स्पॉन्सर करायची होती. सगळे क्रिकेटच म्हणत होते. यानेच भांडून बेसबॉल घ्यायला लावलं. तीन प्रेझेंटेशन्स केली. लोक हसत होते त्याला. रात्री लॅपटॉप घेऊन बसायचा आणि मला विचारायचा, फाऊल बॉल म्हणजे नक्की काय."

प्रकाशरावांचा हात ताटावर तसाच राहिला.

"का?" त्यांनी विचारलं. मुलाला नाही, सुनेला.

"का म्हणजे काय, बाबा," शुभ्रा म्हणाली. "तुमच्यासाठी."

"वेट, व्हॉट?" ईशानीने मोबाइल पालथा ठेवला. "बाबा, यू डिड दॅट?"

तन्मय उठून बाल्कनीत गेला होता.

◆

बाल्कनीत ऊन कललेलं होतं. खाली रस्त्यापलीकडे नव्या टॉवरचं काम चाललं होतं, क्रेन हळूहळू फिरत होती. प्रकाशराव मुलाच्या शेजारी कठड्याला हात टेकून उभे राहिले. टर्मिनलवर शंभर माणसांना आवाज देणारा हा माणूस, स्वतःच्या मुलाशी बोलताना नेहमी दोन वाक्यांत संपायचा.

"मला सांगायचंस," ते शेवटी म्हणाले.

"काय सांगणार? सांगितलं असतं तर तुम्ही मलाच म्हणाला असता, चेंडू टाकणारा तो पिचर बदल."

"पिचर बदलायलाच हवा."

तन्मयला नको असताना हसू आलं. ते लगेच मावळलं. "मला वाटलं होतं, तुम्ही मॅचला जाल. खूश होऊन घरी याल. मला सगळं सांगाल. कोण काय खेळला, कोणी काय मारलं. मग मी पण कधीतरी बरोबर येईन. तुम्ही दरवेळी चिडूनच आलात. आणि गुरुवारी तर..." त्याने वाक्य सोडून दिलं.

प्रकाशरावांनी कठड्यावरचे हात काढले. मग म्हणाले, "काढ मोबाइल. करू तो व्हिडिओ."

"खरंच?"

"काढ."

तन्मयने मोबाइल समोर धरला. प्रकाशरावांनी शर्टाची कॉलर सरळ केली, केसांवरून हात फिरवला. लाल ठिपका लागला तसे ते इंग्रजीत, पाठ केल्यासारखं बोलायला लागले. "गुड आफ्टरनून. माय नेम इज प्रकाश. आय वॉज सिटिंग राँग साइड, बिकॉज..." ते थांबले. घसा खाकरला. "बिकॉज..." पुन्हा थांबले. मग मराठीत म्हणाले, "तन्मय, पाठ दुखत होती हे मला म्हणता येईना रे. पण तुझी माफी मागतो. तू मला एवढं दिलंस आणि मी त्याच्याकडे पाठ केली. मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी त्या दाढीवाल्यावर मी चिडलोच असतो, पण तुला आधी सांगून चिडलो असतो."

तन्मयने रेकॉर्डिंग थांबवलं.

"हे पाठवता येणार नाही," तो म्हणाला.

"परत करू."

"नको. राहू दे." त्याने मोबाइल खिशात टाकला. "सोमवारचं मी बघतो."

आत शोभना ताक घुसळत होती. दोघे आत आले तेव्हा तिने दोन पेले भरले, एक मुलाला दिला, आणि दुसरा गुरुवारनंतर पहिल्यांदाच नवऱ्याच्या हातात दिला. बोलली मात्र नाही.

◆

सोमवारी फिरदोस मॅडमनी तन्मयला बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. त्याचंच त्याला जास्त दडपण आलं. तन्मय म्हणाला, व्हिडिओ होणार नाही. माझे वडील खोटं बोलू शकत नाहीत, आणि मला त्यांच्याकडून ते करून घ्यायचं नाही. पण शनिवारी शेवटची मॅच आहे, आमचं सगळं घर येईल. वडील मैदानाकडे तोंड करून बसतील. हा माझा शब्द.

"कॅमेरे त्यांच्यावरच असतील," फिरदोस मॅडम हिंदीत म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षीच्या बजेटची मीटिंग त्याच आठवड्यात आहे. समझ रहे हो ना? ये प्रोजेक्ट तुम्हारा था."

"समझता हूँ, मॅम."

घरी आल्यावर त्याने वडिलांना एवढंच सांगितलं, की शनिवारी सरळ बसायचं, मी शब्द दिलाय. प्रकाशरावांनी मान डोलावली. "शब्द दिलायस ना? मग झालं."

◆

शनिवारी दुपारी ऊन छान होतं, हवेत थंडी होती. मागची बाकडी निम्मी रिकामी होती, पुढे मात्र गर्दी होती. समोरच्या रांगेत दोघांनाच जागा मिळाली, म्हणून तन्मय वडिलांबरोबर तिथे बसला, आणि मागच्या रांगेत शोभना, शुभ्रा, ईशानी, अर्चना आणि प्रल्हाद. शोभनाने चिवड्याचा डबा आणला होता. दारावरच्या माणसाला तिने तो कसा आणू द्यायला लावला, हे कुणालाच कळलं नाही. आपण कुणाची बाजू घ्यायची, असं अर्चनाने वाटेत तीनदा विचारलं.

"निळ्या टोप्यांची," प्रल्हाद म्हणाला. "म्हणजे हरणाऱ्यांची."

नाखुदाज हरतच होते. पण तन्मयचं लक्ष मैदानावर नव्हतंच. डावीकडच्या मचाणावरचा कॅमेरा दर थोड्या वेळाने त्यांच्याकडे वळत होता. मागे कुठेतरी पोरं कुजबुजत होती, "तेच अंकल. बघ, फिरतील आता." प्रकाशराव सरळ बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान ताठ. कॉलेजच्या ग्रुप फोटोला बसावं तसे.

सहाव्या इनिंगमध्ये दाढीवाला आला. पहिल्याच चेंडूला त्याने बॅट लावली, चेंडू जमिनीवरून टप्पे खात गेला. बॅट टाकली. निघाला. रमतगमत. पलीकडच्या खेळाडूच्या हातून चेंडू निसटला, खाली पडला, त्याने वाकून उचलला, आणि तरीही दाढीवाला अर्ध्या वाटेतच होता. आऊट.

लोकांतून मोठा "ओऽह" उठला. तन्मयने वडिलांकडे पाहिलं.

प्रकाशरावांचं तोंड मैदानाकडेच होतं. डोळे मात्र गच्च मिटलेले होते. पापण्या थरथरत होत्या. हात गुडघ्यांवर इतके आवळले होते, की नखं पांढरी पडली होती.

"बाबा, डोळे मिटलेत?"

"तोंड समोर आहे ना?" प्रकाशराव डोळे न उघडता म्हणाले. "शब्द पाळतोय तुझा. झालं की सांग."

तन्मय त्या चेहऱ्याकडे बघत राहिला. इतक्या जवळून, इतका वेळ, त्याने तो कधी बघितला नव्हता. हनुवटीखाली दाढी करताना सुटलेले दोन पांढरे केस होते. हा माणूस आपल्यासाठी सगळी मॅच अशी काढेल, आणि घरी जाऊन कुणाला एक अक्षर बोलणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं.

"फिरा," तो म्हणाला.

प्रकाशरावांनी डोळे उघडले. "काय?"

"फिरा, बाबा. तो चेंडू पडला होता. पळाला असता तर पोचला असता. मला पण दिसलं."

"अरे, कॅमेरा आहे. तुझ्या मॅडम..."

"पुढच्या वर्षी क्रिकेट घेतील, आणि मला दुसरं काहीतरी देतील. बघू, इन्शाल्ला. यल्ला, चला, फिरा."

आणि वडिलांची वाट न बघता त्याने स्वतःच पाय उचलले, बाकड्यावरून पलीकडे टाकले. प्रकाशराव क्षणभर थांबले. मग त्यांनी मुलाच्या खांद्याचा आधार घेतला आणि एक एक पाय करत तेही वळले. मागून कुणीतरी शिट्टी मारली. दोन रांगा सोडून एक माणूस फिरला, मग त्याची बायको.

वळल्यावर समोर, हातभर अंतरावर, घरची माणसं होती. अर्चना तोंडावर हात धरून, हसावं की रडावं या विचारात. प्रल्हाद तोंडात चिवडा तसाच ठेवून. ईशानीने मोबाइल काढला होता, पण तो तिच्या मांडीवरच राहिला होता. शुभ्रा नवऱ्याकडे बघत होती. आणि मधोमध, शाल पांघरून, मांडीवर डबा घेतलेली शोभना. गुडघ्याला गुडघे लागतील इतक्या जवळ. प्रकाशराव तिच्याकडे बघतच राहिले. त्यांच्यामागे मैदानावर काहीतरी चाललं होतं, टाळ्या वाजत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं.

शोभनाने डब्याचं झाकण काढलं आणि डबा त्यांच्यापुढे धरला.

"आत्ता दिसलो का आम्ही?" ती म्हणाली.